डिझेल पिकअपचा बूस्ट किती वाढवावा: आकडा ठरवण्याआधी काय काय मोजायचं

पंपाचं इंधन वाढवलेल्या किंवा रीमॅप केलेल्या (इंजिनाच्या कॉम्प्युटरची फाइल बदललेल्या) डिझेल पिकअपचा मालक बहुतेक वेळा एकच प्रश्न घेऊन येतो: किती बूस्टपर्यंत, म्हणजे टर्बोने हवेला दिलेल्या जादा दाबापर्यंत, इंजिन सुरक्षित? उत्तरादाखल त्याला एखादा आकडा मिळतोही. वीस पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड), पंचवीस पीएसआय. तोच आकडा एका गाडीत वर्षानुवर्षं बिनबोभाट चालतो आणि दुसऱ्या गाडीत हेड गॅस्केट (सिलिंडरवरचं झाकण, म्हणजे हेड, आणि ब्लॉक यांमधलं सील) उडवतो. कारण बूस्टचा गेज फक्त दाब दाखवतो. सिलिंडरमध्ये प्रत्यक्ष किती हवा गेली, ती किती तापलेली होती, तिच्या जोडीला डिझेल किती आलं आणि जळालेल्या वायूंना बाहेर पडायला वाट मोकळी होती का, यातलं काहीच त्या काट्यावर दिसत नाही.

म्हणून सुरक्षित बूस्ट शोधायचा तर बूस्टसोबत आणखी तीन गोष्टी मोजाव्या लागतात: एक्झॉस्टचं (जळून बाहेर पडणाऱ्या वायूंचं) तापमान, ते वायू टर्बोकडे नेणाऱ्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डमधला दाब आणि इंटरकूलरनंतरच्या, म्हणजे टर्बोने तापवलेली हवा गार करणाऱ्या जाळीनंतरच्या, हवेचं तापमान. या चारही गोष्टी जिथे एकमेकांना धरून चालतात तिथवर बूस्ट वाढवावा. त्यातली एक जरी बिघडायला लागली की तुमच्या गाडीची मर्यादा आली, मग गेजवर आकडा कितीही असो. खाली सगळी कृती त्याच क्रमाने दिली आहे.

आधी एकक नीट समजून घ्या

समुद्रसपाटीला हवेचा दाब १.०१३ बार, म्हणजे १०१.३ किलोपास्कल किंवा १४.७ पीएसआय असतो. १ बार म्हणजे १४.५ पीएसआय. डॅशबोर्डवर बसवलेला गेज वातावरणाच्या वरचा दाब दाखवतो. इंजिन बंद असताना तो शून्यावर असतो. स्कॅनरवर दिसणारा मॅप सेन्सरचा (इनटेक मॅनिफोल्डमधला दाब मोजणाऱ्या सेन्सरचा) आकडा मात्र निरपेक्ष असतो, म्हणजे वातावरणाचा दाब त्यात आधीच धरलेला असतो. स्कॅनर २४० किलोपास्कल म्हणत असेल तर खरा बूस्ट सुमारे १.४ बार. हा फरक लक्षात न घेता दोन गाड्यांचे आकडे ताडून पाहणारे खूप भेटतात, आणि मग एकाची १.४ ची गाडी दुसऱ्याला २.४ ची वाटते.

टर्बोला स्वतःला बूस्टशी देणंघेणं नसतं. त्याला कळतं ते दाबाचं गुणोत्तर: कॉम्प्रेसरमधून (टर्बोच्या हवा दाबणाऱ्या बाजूतून) बाहेर पडणारा निरपेक्ष दाब भागिले आत येणारा निरपेक्ष दाब. पुढचा सगळा हिशेब या गुणोत्तरावरच आहे.

इंजिन नक्की कशाने मरतं

नुसत्या बूस्टने डिझेल इंजिन क्वचितच जातं. डिझेलमध्ये ताकद इंधनातून येते, हवा त्या इंधनाला जळायला जागा देते. वजनाने मोजलं तर १ किलो डिझेल पूर्ण जळायला साधारण १४.५ किलो हवा लागते. पण सिलिंडरच्या आत दोन्ही मिसळायला मिळणारा वेळ इतका थोडा असतो की १८ ते २० पट हवा हाताशी नसेल तर काळा धूर दिसायला लागतो. म्हणजे इंधन तेवढंच ठेवून बूस्ट थोडा वाढवला तर धूर कमी होतो आणि एक्झॉस्ट थंड होतो. खूप इंधन आणि तोकडा बूस्ट ही जोडी जास्त घातक आहे. हे नीट ध्यानात घ्या, कारण ‘बूस्ट कमी म्हणजे सुरक्षित’ असं समजून पंपाचा स्क्रू फिरवत बसणाऱ्यांचेच पिस्टन जास्त जातात.

मरण तीन वाटांनी येतं. पहिली वाट उष्णतेची. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सियसला वितळतं, आणि पिस्टनचा मिश्रधातू त्याही आधी मऊ पडतो. पिस्टन टिकतो तो खालून उडणाऱ्या ऑइलच्या फवाऱ्यामुळे आणि प्रत्येक फेरीत आत येणाऱ्या ताज्या हवेमुळे. एक्झॉस्ट बराच वेळ प्रमाणाबाहेर तापलेला राहिला की ही उसंत संपते.

दुसरी वाट सिलिंडरमधल्या कमाल दाबाची. बूस्ट वाढला की दाबायला सुरुवात होतानाच आत हवा जास्त असते, त्यावर जास्त इंधन आणि लवकरचं टायमिंग (इंधन फवारण्याची वेळ) आलं की हेड अक्षरशः वर उचललं जातं. कमी आरपीएमवर हे सगळ्यात वाईट असतं. १५०० आरपीएमला पूर्ण बूस्ट आणि पूर्ण इंधन दिलं की ज्वलनाचा सगळा मार पिस्टन अजून वरच्या टोकाजवळ असतानाच बसतो. कनेक्टिंग रॉड वाकतात ते बहुधा असेच, ३५०० आरपीएमवर नाही.

तिसरी वाट टर्बोच्या अतिवेगाची. लहान टर्बोचा शाफ्ट मिनिटाला दीड-दोन लाख फेऱ्या घेतो. ठरलेल्या वेगाच्या वर नेला तर चाक फुटतं, आणि त्याचे तुकडे इंटरकूलरमध्ये अडकले तर नशीब म्हणायचं.

गाडी निरोगी आहे का, ते पाहा

अगोदरच झिजलेल्या इंजिनाचा बूस्ट वाढवणं म्हणजे पैसे जाळणं. कॉम्प्रेशन तपासा. ऑइलचं झाकण उघडून ब्लो-बाय (पिस्टनच्या कडेने खाली निसटणारा वायू) पाहा. इंजेक्टरचा परतावा (न फवारता परत जाणारं डिझेल) मोजून घ्या, कारण एक गळका इंजेक्टर एकाच पिस्टनला भोक पाडतो आणि सरासरी दाखवणारे सगळे मीटर तेव्हा ठणठणीत दिसतात.

टर्बोचा इनलेट पाइप काढा आणि इंजिन थंड असताना शाफ्ट बोटांनी हलवून पाहा. आडवा, म्हणजे बाजूंना, थोडा खेळ असणं बुश बेअरिंगमध्ये स्वाभाविक आहे. ऑइलचा थर नसताना तो जाणवतोच. पण आत-बाहेर ओढल्यावर हाताला खेळ लागला तर थ्रस्ट बेअरिंग संपलं. चाकाच्या पात्यांच्या कडा बॅटरीच्या उजेडात पाहा: कडा सरळ आणि धारदार हव्यात. धुळीने खाल्लेल्या कडा गोलसर आणि खडबडीत दिसतात, त्याचा अर्थ एअर फिल्टर कुठेतरी गळतोय. टर्बो कधी उघडलाच तर कॉम्प्रेसर चाकाची मागची बाजूही बघा. तिथे संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा दिसला तर ते चाक अतिवेगाने ताणलेलं आहे, पुन्हा बसवू नका.

यानंतरची गळती चाचणी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. टर्बोच्या इनलेटला बसेल असं घट्ट बूच करा, त्यात टायरचा व्हॉल्व्ह बसवा. ऑइलचं झाकण काढून ठेवा, कारण सिलिंडरमधून निसटलेली हवा क्रँककेसमध्ये साठून सील बाहेर फेकू शकते. रेग्युलेटर लावलेल्या हवा भरायच्या कॉम्प्रेसरने हळूहळू १ बारपर्यंत हवा भरा. बूच सुटलं तर गोळीसारखं येतं, तेव्हा त्याच्या समोर उभं राहू नका. आता साबणाचं पाणी फवारत इंटरकूलरच्या दोन्ही टोकांवरून, प्रत्येक क्लॅम्पवरून, मॅनिफोल्डच्या गॅस्केटवरून जा. मोठी गळती आवाजाने सापडते. त्रास देते ती छोटी: क्लॅम्पच्या कडेला बारीक फेस जमतो, पुसला की पुन्हा हळूच फुगतो. होजच्या खालच्या बाजूला, जिथे ऑइल साचून रबर मऊ झालेलं असतं, तिथे हात घालून पाहा. चीर तिथेच असते आणि वरून दिसत नाही. इंटरकूलरच्या प्लास्टिक टाकीची शिवणही सोडू नका. क्लॅम्प ढिले करण्यापूर्वी दाब पूर्ण सोडून द्या.

गळती असताना ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) किंवा वेस्टगेट (जादा एक्झॉस्ट टर्बोला वळसा घालून सोडणारी झडप) ठरलेला बूस्ट गाठायचा प्रयत्न सोडत नाही, टर्बो त्यासाठी आणखी जोरात फिरत राहतो. गेजवर १.३ बार दिसतोय आणि टर्बो मात्र १.६ चं काम करतोय, अशी स्थिती होते. अशा गाडीत पी०२९९ हा कमी बूस्टचा कोड आला तर तो खोडून पुढे जाऊ नका.

गेज कुठे बसवायचे

बूस्टची नळी इंटरकूलरनंतर, इनटेक मॅनिफोल्डवर घ्या. टर्बोच्या तोंडाशी मोजलेला दाब इंटरकूलरमधल्या नुकसानीमुळे जास्त दिसतो.

एक्झॉस्ट तापमानाचा के प्रकारचा थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) टर्बाइनच्या, म्हणजे टर्बोच्या एक्झॉस्टने फिरणाऱ्या चाकाच्या, आधी, एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्येच बसवा. टर्बाइननंतर बसवणं सोपं असतं, पण भाराखाली तिथलं तापमान शंभर-दोनशे अंशांनी कमी दिसतं, आणि हा फरक दर आरपीएमला वेगळा असल्याने त्यावरून अंदाज बांधता येत नाही. माझं मत विचाराल तर टर्बाइननंतरचा मीटर खोटा धीर देतो.

भोक पाडताना मॅनिफोल्ड उतरवलेला सर्वात बरा. उतरवणं शक्यच नसेल तर ड्रिल बिटच्या खाचा घट्ट ग्रीसने भरा, थोडं थोडं पाडत बिट बाहेर काढून पुसा, पुन्हा ग्रीस भरा. बिडाचा चुरा ग्रीसला चिकटून बाहेर येतो. टॅप फिरवतानाही हेच करा. शेवटी चुंबकाच्या काडीने आतून दोन-तीनदा पुसून घ्या. टर्बाइनच्या पात्यांवर एवढासा बिडाचा कण आदळला तरी कड तुटते. थर्मोकपलचं टोक भिंतीला न चिकटता वायूच्या प्रवाहाच्या मध्यावर यायला हवं, आणि जागा अशी निवडा की शक्य तितक्या सिलिंडरचा प्रवाह तिथून जाईल.

त्याच मॅनिफोल्डवर दाबासाठीही एक टोक काढून ठेवा. तिथून धातूची नळी एक-दोन वेढे देऊन आणा म्हणजे वायू गार होतो, मग पुढे होज आणि ४ ते ५ बारचा गेज. हा गेज कायम हवाच असं नाही, ट्यूनिंगपुरता लावला तरी चालतो. पण तो एकदाही न लावता बूस्ट वाढवणं मला पटत नाही, कारण टर्बो लहान पडतोय की नाही हे दुसरं कोणतंच साधन इतकं स्पष्ट सांगत नाही.

कागदावरचा हिशेब

समजा ३.० लीटरचं चार-स्ट्रोक इंजिन आहे, ३५०० आरपीएम आणि १.४ बार बूस्ट. सिलिंडर दर दोन फेऱ्यांना एकदा भरतो आणि भरण्याची कार्यक्षमता ९० टक्के धरली तर मिनिटाला ३ × ३५०० ÷ २ × ०.९ = ४७२५ लीटर हवा आत जाते. इनटेक मॅनिफोल्डमध्ये निरपेक्ष दाब २.४१ बार आणि हवा ५५ अंश सेल्सियस असेल तर तिची घनता दर घनमीटरला २.५६ किलो येते. म्हणजे मिनिटाला जवळपास १२.१ किलो हवा. टर्बोचे नकाशे बऱ्याचदा पौंडात असतात. त्यात हे २६.७ पौंड.

आता गुणोत्तर. एअर फिल्टर आणि पाइपमध्ये ०.०३ बार जातो, इंटरकूलरमध्ये ०.१ बार. तेव्हा कॉम्प्रेसरला २.५१ बार तयार करावे लागतात आणि आत मिळतात फक्त ०.९८. गुणोत्तर २.५६. टर्बोच्या उत्पादकाने दिलेल्या कॉम्प्रेसर मॅपवर (हवेचं वजन आणि गुणोत्तर यांच्या नकाशावर) हा बिंदू टाका. तो ७० टक्के कार्यक्षमतेच्या वर्तुळाच्या आत पडला तर उत्तम. उजवीकडे ६० टक्क्यांच्या कडेला गेला तर टर्बो दमतोय. डावीकडे सर्ज रेषेला लागला तर पाती हवेवरची पकड सोडतील, थ्रॉटल देताना फडफड ऐकू येईल आणि थ्रस्ट बेअरिंग मार खाईल. कमी आरपीएमचे दोन बिंदूही असेच काढा, कारण सर्जची भीती तिथेच जास्त.

कार्यक्षमतेला इतकं महत्त्व का, ते तापमानात दिसतं. ३० अंशांची हवा २.५ गुणोत्तराने दाबली आणि कॉम्प्रेसर ७२ टक्के कार्यक्षम असला तर ती सुमारे १५६ अंशांची होऊन बाहेर पडते. तीच हवा ६० टक्क्यांवर दाबली तर सुमारे १८० अंश. ही वाढीव उष्णता इंटरकूलरला उतरवता आली नाही आणि मॅनिफोल्डमध्ये हवा ५५ ऐवजी ९० अंशांची पोहोचली, तर वरच्या उदाहरणात हवा १०.९ किलोवर येते. गेजवर १.४ बारच दिसतो, पण हवा दहा टक्के कमी! इंधन मात्र पूर्वीइतकंच येत राहतं. ‘बूस्ट वाढवला तरी धूर वाढला’ ही तक्रार मुळात इथे असते.

१२.१ किलो हवेला २० पट या हिशेबाने मिनिटाला ०.६ किलोच्या आसपास डिझेल जाळता येतं. किलोवॅट-तासाला २२० ग्रॅम खप धरला तर ही ताकद सुमारे १६५ किलोवॅट होते आणि ३५०० आरपीएमवर टॉर्क ४५० न्यूटन-मीटर. तुमचा ट्यूनर याच बूस्टवर २०० किलोवॅटचा दावा करत असेल तर जास्तीचं इंधन धुराच्या हद्दीत जळणार आहे. त्याला हवा-इंधन गुणोत्तर विचारा.

सुरुवात कुठून करावी

हे आकडे तपासणीला सुरुवात करण्याची जागा आहेत, गाठायचं लक्ष्य नाही. आतले भाग कंपनीचेच आहेत असं धरलं आहे.

मुळात टर्बो नसलेल्या जुन्या, प्री-चेंबरच्या (डिझेल आधी छोट्या कप्प्यात जळणाऱ्या) इंजिनात कॉम्प्रेशन रेशो २१-२२ असतो, पिस्टनला ऑइलचा फवारा बहुधा नसतो. अशा इंजिनाला नंतर टर्बो लावला असेल तर ०.५ ते ०.७ बारवर थांबा, आणि इंटरकूलर असला तरच वरच्या टोकाकडे जा. कंपनीतूनच टर्बो लावून आलेल्या मेकॅनिकल पंपाच्या डायरेक्ट इंजेक्शन इंजिनात मूळ बूस्टच्या वर ०.२ ते ०.३ बार हा समंजस पल्ला आहे. आजच्या २.५ ते ३ लीटरच्या कॉमनरेल पिकअपमध्ये मूळ बूस्टच १.२ ते १.६ बारच्या घरात असतो. मूळ टर्बोवर १.७-१.८ च्या पुढे गेलात की कॉम्प्रेसर मॅपची कड बहुतेक लागतेच. मोठ्या सहा-सात लीटरच्या इंजिनांची गोष्ट निराळी. कमिन्सच्या ५.९ लीटरसारख्या बिडाच्या हेडच्या इंजिनात एकाच टर्बोवर २.३-२.४ बार चालवणारे पुष्कळ आहेत, पण त्याच्या वर हेड स्टडचा (हेड धरून ठेवणाऱ्या जास्त मजबूत दांड्यांचा) विचार करावाच लागतो. तीन बारच्या पुढची दुनिया एकापुढे एक लावलेल्या दोन टर्बोंची आहे, तिथे प्रत्येक टर्बो आपल्या वाट्याचं गुणोत्तर उचलतो.

हेड बोल्टचं उदाहरण म्हणून फोर्डच्या ६.० लीटर पॉवरस्ट्रोकचं नाव नेहमी निघतं. त्यात ताणून कायमचे लांबणारे बोल्ट होते. भार वाढला की हेड उचललं जाऊन गॅस्केट जायचं, आणि मजबूत स्टड बसवणं हा तिथला रुळलेला उपाय झाला. तुमच्या इंजिनातही असेच बोल्ट असतील तर हेड एकदा काढल्यावर जुने पुन्हा वापरू नका.

टर्बोइतकाच टॉर्कवरही लगाम हवा. मूळ टॉर्कच्या वीस टक्क्यांहून अधिक वाढ कंपनीच्या क्लच, रॉड आणि बोल्टवर मी मागणार नाही, आणि १८०० आरपीएमच्या खाली तर मूळ पातळीच्या आसपासच ठेवीन. ट्यूनरला हे स्पष्ट सांगा. चांगला ट्यूनर असली अट ऐकून नाराज होत नाही.

बूस्ट वाढवायचा तो असा

आधी काहीही न बदलता एक फेरी मारून चारही मोजमापं लिहून ठेवा. डायनो (गाडी जागेवर चालवून ताकद मोजणारं यंत्र) मिळाला तर उत्तम. रस्त्यावर करत असाल तर मोकळा, परवानगी असलेला लांब चढ निवडा आणि गेज पाहायला शेजारी दुसरा माणूस बसवा. चालवणाऱ्याची नजर रस्त्यावरच हवी. वरून दुसऱ्या गिअरमध्ये, भार लादून, १५०० आरपीएमपासून वरपर्यंत पूर्ण थ्रॉटल द्या.

एक्झॉस्टचं तापमान सावकाश चढतं. सात-आठ सेकंदांच्या झटक्यात ६५० दिसतं आणि तोच भार अर्धा मिनिट राहिला तर ७५०. त्यामुळे छोट्या फेरीवर विश्वास ठेवू नका. शेवटची परीक्षा नेहमी लांब चढावर, पूर्ण भाराने.

मग ०.१ बार वाढवा, त्याहून जास्त नाही. वेस्टगेटच्या टर्बोत ॲक्च्युएटरची दांडी अर्ध्या-एक आट्याने आखूड केली की वेस्टगेट उशिरा उघडतो. व्हीजीटी (टर्बाइनभोवती हलती पाती असलेल्या) टर्बोत पात्यांच्या थांब्याचा स्क्रू फिरवू नका, तिथलं काम ईसीयूच्या नकाशातूनच व्हायला हवं. वेस्टगेटची नळी काढून बूच मारणं किंवा मॅप सेन्सरला खोटा दाब दाखवणं हे मी कुणालाच सुचवणार नाही: तेव्हा बूस्टला वरची हद्दच उरत नाही आणि संरक्षण करणारी यंत्रणा आंधळी होते. मूळ मॅप सेन्सर कितीपर्यंत वाचतो हेही पाहून घ्या. २.५ बार निरपेक्षचा सेन्सर १.५ बार बूस्टनंतर काही सांगू शकत नाही.

दर पायरीला या गोष्टी पाहा. टर्बाइनआधीचं तापमान: सलग भारात ७०० अंशांपर्यंत ठीक, ७५० फक्त काही सेकंदांपुरतं, त्याच्या वर गेलं की पाय उचला. एक्झॉस्ट मॅनिफोल्डमधला दाब: तो बूस्टइतकाच किंवा दीडपटीपर्यंत असला तर टर्बो अजून श्वास घेतोय. बूस्ट १.६ आणि हा दाब ३ बार, म्हणजे जवळपास दुप्पट दिसला तर टर्बाइन लहान पडतंय; आता बूस्ट वाढवून हवा वाढणार नाही, उलट जळालेला वायू सिलिंडरमध्येच अडकून राहील. इंटरकूलरनंतरची हवा: बाहेरच्या हवेपेक्षा २५-३० अंशांनी जास्त हे चांगलं, ५० अंशांच्या वर गेली तर आधी इंटरकूलरचं बघा.

पायरी चढल्यावर एक्झॉस्ट थंड झाला, धूर कमी झाला, तर बूस्ट उपयोगी पडतोय. तापमान जागच्या जागी राहिलं आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा दाब वाढला, तर एक पायरी मागे या आणि तिथेच थांबा. तुमच्या गाडीचा सुरक्षित बूस्ट तोच. यापुढे जायचं असेल तर मोठा टर्बो किंवा चांगला इंटरकूलर घ्यावा लागेल, स्क्रू फिरवून भागणार नाही.

क्षणिक उसळीही पाहा. १.५ वर स्थिरावणारा बूस्ट गिअर बदलल्यावर १.९ पर्यंत उडी मारत असेल तर इंजिन त्या क्षणी १.९ चाच मार खातं. पी०२३४ हा जास्त बूस्टचा कोड आणि लिम्प मोड (ईसीयूने ताकद कापणं) बहुधा अशाच उसळीने येतो.

उंचीचा हिशेब वेगळा

२००० मीटर उंचीवर हवेचा दाब सुमारे ०.८ बारच उरतो. फिल्टर आणि इंटरकूलरमधलं नुकसान सोडलं तर समुद्रसपाटीला १.४ बार बूस्टसाठी २.४ च्या आसपास गुणोत्तर लागतं, तोच १.४ बार इथे गाठायला २.७५ लागतं. टर्बो अतिवेगात जातो तो असाच, खाली सगळं नीट चालणाऱ्या गाडीत. गुणोत्तर २.४ वरच ठेवायचं तर उंचीवर बूस्ट १.१ बारला आणावा लागतो, आणि त्याच प्रमाणात इंधनही. कंपनीचा ईसीयू ही दुरुस्ती वातावरणाच्या दाबाचा सेन्सर वाचून स्वतः करतो. ट्यून केलेल्या फाइलमध्ये ती शाबूत आहे ना, ते विचारून घ्या. मेकॅनिकल पंपाच्या गाडीत उजव्या पायानेच भान ठेवावं लागतं.

डीपीएफ (काजळी अडवणारा फिल्टर) आणि ईजीआर (थोडा एक्झॉस्ट परत इंजिनात सोडणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत ते काढून टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. बहुतेक देशांत ते बेकायदेशीर आहे, आणि धूर न सोडणाऱ्या ट्यूनला त्याची गरजही पडत नाही. डीपीएफ वारंवार भरतोय याचा अर्थ इंधन हवेच्या पुढे धावतंय, तेव्हा फाइल सुधारा. एवढं लक्षात असू द्या की डीपीएफ स्वच्छ होत असताना एक्झॉस्टमध्ये मुद्दाम उष्णता आणली जाते, त्यामुळे त्या वेळी घेतलेली मोजमापं गृहीत धरू नका.

नंतरची राखण

पहिले काही आठवडे कूलंटच्या बाटलीवर लक्ष ठेवा. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत सकाळी वरचा रेडिएटर होज कडक लागला, किंवा चढावर कूलंट बाटलीतून बाहेर यायला लागलं आणि एरवी सगळं ठीक वाटलं, तर हेड भाराखाली क्षणभर उचललं जातंय. गॅस्केट पूर्ण जाण्याची वाट न पाहता बूस्ट आणि इंधन दोन्ही मूळ पातळीला आणा आणि ज्वलनवायू तपासणाऱ्या द्रावाची चाचणी करा. कूलंटमध्ये वायू येत असेल तर द्रावाचा रंग बदलतो.

लांब चढ चढून आल्यावर किंवा भार ओढल्यावर इंजिन लगेच बंद करू नका. एक्झॉस्टचा मीटर २०० अंशांच्या खाली येईपर्यंत आयडलला ठेवा, नाहीतर बेअरिंगमधलं उभं राहिलेलं ऑइल जळून कोळसा होतं. ऑइल बदलण्याचं अंतर एक तृतीयांशाने कमी करा. हजार किलोमीटरनंतर सगळे क्लॅम्प पुन्हा आवळा आणि साबणाच्या पाण्याची चाचणी पुन्हा एकदा करा. वाढलेल्या दाबाने सुटणारा होज बहुधा पहिल्या हजार किलोमीटरमध्येच सुटतो. त्यानंतर उन्हाळा सुरू होताना तोच चढ, तोच भार घेऊन चारही मोजमापं पुन्हा लिहा आणि आधीच्या कागदाशी ताडून पाहा. बूस्ट तोच पण तापमान ४० अंशांनी वाढलेलं दिसलं तर आधी इंटरकूलरच्या जाळीतली माती आणि एअर फिल्टर, मग गळती, मग इंजेक्टर, या क्रमाने शोधा.